वनस्पतीच तर आहे!

२ मार्च
वनौषधींच्या कारखान्यात वेष्टन-विभागप्रमुखपदी अस्मादिकांचे आज शुभागमन झाले. प्रजा अल्प, सिंहासनाचे एक चाक डुगडुगते. तथापि फुटक्या कॅप्सूल फुकट! आत बलवर्धक मुळीची पूड. 'रोज एक' ही वेष्टनावरील सूचना भित्र्यांसाठी. वनस्पतीला कसली आली मर्यादा? सकाळी मूठभर मी गिळणार, संध्याकाळी ताई दुधातून पूड पाजणार. पुडीची बरणी तिच्या स्वाधीन केली. मी कुरकुरलो तरी माझे ऐकू नकोस, लहानपणी एरंडेल पाजायचीस तसे नाक दाबून पाज, असा आदेशही दिला. ताई म्हणाली, बैलसुद्धा पालाच खातो हो, आणि माजतो.

६ मार्च
वज्रदेह प्राप्त! निद्रादेवी मात्र रुसली आहे. कारकुनाने चहा सांडला म्हणून मी विनोदाने त्याची मान टेबलावर दाबली. सारे हसले. मग हसायचे थांबले, कारण मी सोडत नव्हतो.

९ मार्च
यंत्रचालकाने माझ्या चालीची नक्कल केली. कपाटाचे पोलादी दार त्याच्या बोटांवर आपटले. पुन्हा आपटले. सुक्या काटक्या मोडाव्यात तसा ध्वनी. पश्चात्तापाचा प्रामाणिक प्रयत्न केला. झाला तो आनंद. नोकरी गेली. डॉक्टर म्हणाले, अतिमात्रेने डोके पेटले आहे, आजपासून कणभरही नको.

१० मार्च
उरलेल्या कॅप्सूल गटारार्पण. ताईला माझ्या खोलीला बाहेरून कडी घालायला लावली. काही झाले तरी उघडायची नाही, जेवण खिडकीच्या गजांतून. कारण सांगितले नाही. लाज वाटली. आईमागे तिनेच मला वाढवले. ती म्हणाली, वेड्या, अशक्तपणा आलाय तुला.

१२ मार्च
औषध बंद, तरी क्रोध वाढतोच. कसा? पलंगाचा पाय उपटला. भिंतीवर रक्त, माझ्याच मुठींचे. ताईचा आवाज आला की दात आवळतात. ती गजांतून दूध देते, सोन्या म्हणते —

१३ मार्च
पेल्याच्या तळाशी हिरवा गाळ.

बरणी! बरणी विसरलो.

ओरडून विचारले. म्हणते, तूच म्हणालास ना, माझे ऐकू नकोस. अंगात त्राण नाही म्हणून कालपासून दुप्पट घालतेय. पेला फेकला. म्हणते, थांब, आत येऊन नाक दाबूनच पाजते —

कडी वाजली. ताई, नको. पलंगाचा पाय माझ्या हातात कधी — ताई, मागे हो, अगं मागे —