रविवारची पावलं

दि. ४ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. माझ्या रोजच्या आठ हजार पावलांचं कौतुक केलंस आणि शेवटी खवचटपणे विचारलंस, रविवारी मात्र शून्य कसं. आता लपवून काय उपयोग? तू दिलेलं पावलं मोजायचं घड्याळ मी घोट्याला बांधतो आणि दुकानात शिलाईचं पायमशीन चालवतो. रविवारी दुकान बंद. त्या दिवशीचा आकडा मनाने लिहायला हात धजला नाही, एवढाच काय तो माझा प्रामाणिकपणा.

मेल्याहून मेल्यासारखं झालंय. डॉक्टरीणबाई बजावतात की इन्सुलिनवाल्यानेही चालायला हवं, फक्त आधी साखर तपासायची आणि खिशात गोड ठेवायचं. पण गेल्या वर्षी तुझ्याकडे आलो होतो ना, तेव्हा सकाळी फिरताना बसथांब्यापाशी साखर उतरून पडलो. खिसा रिकामा. बोलणं अडखळलेलं, म्हणून लोक म्हणाले, सकाळीच ढोसून आलाय. एका फळवालीने साखरपाणी पाजलं. हे तुला सांगितलं नव्हतं. तेव्हापासून पाय उंबऱ्यातच अडतो.

या लबाडीने तुझा लोभ आटू नये.

तुझा धाकटा

दि. ११ जून

चि. शिंपीबुवांस,
अ. आ.

रागावू कुठल्या तोंडाने? मी तिथेच होते रे. ऑफिसातल्या दोघींबरोबर बसची वाट बघत. एक नाक मुरडून म्हणाली, काय मेली माणसं ही. मला कळलं होतं, ही दारू नाही. लहानपणी तू असा अडखळलास की साखरेच्या डब्याकडे मीच धावायचे. त्या दिवशी मात्र हा माझा भाऊ, असं म्हणायला जीभ रेटली नाही. बस आली, मी चढले.

पुढच्या थांब्यावर उतरून धावत परत आले. तू फळवालीच्या स्टुलावर बसला होतास. तरी लांबूनच माघारी फिरले. संध्याकाळी तुलाच विचारलं, फिरणं कसं झालं? तू म्हणालास, झकास. ते घड्याळ मी लाजेपोटी दिलं.

लोभ असावा, असं लिहायचा हक्क उरलेला नाही.

ताई

दि. १९ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं.

मी तुला पाहिलं होतं. पडलेल्याला चेहरे कुठले दिसायला! तुझा निळा स्कर्ट दिसला. त्याची हातशिलाई माझी. दोरा संपला म्हणून शेवटचे चार टाके जरा फिक्या निळ्याने घातले होते. तो काठ दोन पावलं माझ्याकडे आला आणि वळला. मला भीती पडण्याची नव्हतीच गं, तो काठ पुन्हा वळण्याची होती.

वाईट वाटलं, अजून वाटतं. वर्षभर मशीनची पावलं तुझ्या गळ्यात मारली, त्याचीही लाज वाटते.

रविवारी तुझ्याकडे येतो. चालायला जाऊ, त्याच थांब्यापर्यंत. तुझ्यासाठी नवा स्कर्ट शिवलाय, खोल खिशाचा. साखर तू ठेवायचीस.

लोभ आहे, तो तसाच ठेव.

तुझा धाकटा