सहावा तुकडा

२४ जून

प्रिय आई,

आधी फक्त घडलं ते लिहिते.

१. शनिवार, १४ जून. कुत्र्यांच्या आज्ञापालनाच्या जागतिक स्पर्धेसाठी राष्ट्रीय संघाची निवड. रिंगमध्ये स्टुअर्ड, म्हणजे परीक्षकांची मदतनीस, मी; परीक्षक पेल्तोला.
२. नवव्या क्रमांकावर राकेल आणि तिची कुत्री तुइस्कू. वासावरून मालकाचा तुकडा ओळखून आणण्याचा प्रकार शेवटचा. तोवर राकेलचे गुण २५१.५.
३. राकेलने हातात धरलेला लाकडाचा तुकडा मी चिमट्याने उचलला.
४. सात तुकडे गवतावर ओळीने मांडले. राकेलचा सहावा.
५. तुइस्कू दोनदा ओळ हुंगून रिकाम्या तोंडाने परतली. शून्य.
६. संघात चौघांना जागा. चौथी तू, २६२ गुणांवर. राकेल पाचवी.

राकेलने तक्रार केली आहे, हे तुला कळलं असेलच. शिस्त समितीने माझ्याकडे लेखी निवेदन मागितलं आहे. संघाची यादी आंतरराष्ट्रीय महासंघाकडे दहा जुलैला जाते, त्यानंतर त्यात नाव बदलता येत नाही.

जुहान्नुसला, ऐन उन्हाळ्यातल्या सणालाही, मी घरी आले नाही, काम आहे म्हणाले. काम नव्हतं. प्रयोगशाळेला चार दिवस सुट्टी होती आणि मी खोलीत बसून होते. दारावरची घंटा वाजली की समितीचं कोणी आलं असं वाटतं. कालची घंटा शेजारच्या बाईंची होती, वेलदोड्याचा पाव घेऊन आल्या होत्या. मी त्यांना धड आतही बोलावलं नाही. दिवसभर मी दुसऱ्यांचे वजनकाटे तपासते, मिलिग्रॅमचा फरक सापडला की लाल चिठ्ठी लावते. या आठवड्यात दोन काटे तीन-तीनदा तपासले, कारण माझ्या डोळ्यांवरचा माझाच विश्वास उडाला आहे.

राकेलचा फोन आला होता. मला वाटलं, ओरडेल. ती ओरडली नाही. तुइस्कूला डॉक्टरकडे नेलं होतं म्हणाली, नाकात काही दोष सापडला नाही. "पाच वर्षांची कुत्री, इंकेरी. वासावर कधी चुकली नाही. आता तुकडे मांडले की माझ्या पायामागे लपते. आणि तुझ्याविरुद्ध मी काही लिहिलेलं नाही हां, नक्की काय झालं तेवढंच विचारलंय." पुढे तुझी चौकशी केली. "हिल्काला सांग, नऊ वर्षांची म्हातारी घेऊन निघालीय, उन्हात पाणी पाज. कुत्रीला, तिला नव्हे." आणि हसली.

वरच्या यादीत तीन आणि चारच्या मध्ये एक ओळ सुटली आहे. ती मुद्दाम सोडली नव्हती. हात पुढे सरकेना.

तुकडा चिमट्यातून निसटून ओल्या गवतात पडला. मी तो बोटांनी उचलला. उघड्या बोटांनी, ज्यांनी सकाळी तुझ्या किएलोला सॉसेज भरवलं होतं. राकेल नियमाप्रमाणे पाठ करून उभी होती, पेल्तोला मागच्या प्रकाराचे गुण लिहीत होते. असं झालं तर काय करायचं ते मला पाठ आहे: हात वर करायचा, परीक्षकांना सांगायचं, मालकाला नवा तुकडा द्यायचा. पाच मिनिटांचं काम. मी हात वर केला नाही. मी फलकाकडे पाहिलं. तुझे २६२ लागलेले होते. तुइस्कूने तुकडा आणला असता तर पूर्ण चाळीस मिळाले असते, आणि जेमतेम निम्मे मिळाले तरी राकेलचे २७१.५. एवढा हिशेब करायला मला तीन सेकंद लागले. चौथ्या सेकंदाला मी तुकडा सहाव्या जागी ठेवला.

माझ्या वासामुळेच ती चुकली, असं मी सिद्ध करू शकत नाही. चांगली कुत्री दोन वासांखालूनही मालकाचा वास काढते. पण ती सहाव्या तुकड्यापाशी थांबली, मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि पुढे गेली. त्या रिंगमध्ये खरं सांगणारी ती एकटीच होती.

मी अकरा वर्षांची असताना जिल्ह्याच्या स्पर्धेत कुत्र्याला ओठांतल्या ओठांत दुसऱ्यांदा "बस" म्हणाले होते, आठवतं? परीक्षकांना ऐकू गेलं नव्हतं. तू मनगट धरून मला त्यांच्या टेबलापाशी नेलंस. "त्यांनी ऐकलं नाही म्हणजे तू बोलली नाहीस, असं होत नाही." मी रडत रडत फीत परत केली, आणि घरी येईपर्यंत तू माझं मनगट सोडलं नव्हतंस. मला सरळ असं जे काही येतं, ते त्या मनगटातून आलं आहे.

समितीला मी खरं लिहिणार आहे, सुटलेल्या ओळीसकट. माझा परवाना जाईल. तुझी जागाही बहुधा राकेलला जाईल, आणि किएलोला पुढचं वर्ष नाही, हे मला माहीत आहे. पण भीती त्याची नाही. तुकडा उचलून मी मान वर केली तेव्हा दोरीपलीकडे तू उभी होतीस, दहा पावलांवर, तोंड माझ्याकडे. पुढच्या क्षणी तू खाली वाकून किएलोच्या पट्ट्याचं बक्कल नीट करू लागलीस. बक्कल सैल नव्हतं, सकाळी मीच लावलं होतं. परतताना चाळीस किलोमीटर तू फक्त किएलोच्या वळणांबद्दल बोललीस, आणि पेट्रोल पंपावर उतरताना म्हणालीस, "नशीब समोर येतं तेव्हा त्याला प्रश्न विचारू नयेत, पोरी." गेले दहा दिवस मी ते बक्कल पाहते आहे. निवेदनाच्या शेवटी एक रकाना आहे: हे कोणी पाहिलं का. तो मी अजून भरलेला नाही. तो कोरा ठेवायचा की तिथे तुझं नाव लिहायचं, एवढंच विचारायला हे पत्र लिहिलं. निवेदन शुक्रवारी, चार जुलैला जाईल. फोन करू नकोस, फोनवर आपण दोघी किएलोबद्दलच बोलू. पाहिलंस की नाही, एवढंच लिही. उत्तर मला बुधवारपर्यंत, दोन जुलैपर्यंत हवं आहे.

तुझीच,
इंकेरी