दहा हजार मीटर आणि रक्ताचा रिपोर्ट

सोम., ६ जाने. २००३
गंगापूर रोडला सोळा कि.मी. अकराव्यानंतर पोटरीत गोळा. पंधरवड्यातला चौथा. कोच सर स्कूटरवरून मागून आले, मीठ-साखरेचं पाणी दिलं, म्हणाले, चालत पूर्ण कर. केलं. एवढ्या थंडीतही टी-शर्ट पिळण्याइतका घाम. वाळल्यावर त्यावर मिठाचे पट्टे.
ऑगस्टपासून पाळी नाही. कुणाला सांगितलेलं नाही. आई भलतंच समजेल.

शुक्र., १०
होस्टेलच्या जिन्यात धाप लागली. मला, दहा हजार मीटरवालीला. खोलीतल्या मंदाला शेवटी सांगून टाकलं. ती हरसूलची, भालाफेकवाली. म्हणाली, "लय झालं आता. डॉक्टरकडं जाऊ. मी येते संगं."

शनि., ११
डॉ. बाईंनी पापण्या पाहिल्या, तळवे पाहिले. रक्त घेतलं. एक सॅम्पल मुंबईला जाणार.

गुरु., १६
रिपोर्ट. हिमोग्लोबिन आठ. लोहाचा साठा संपत आलेला, मॅग्नेशियम कमी, कॉर्टिसॉल जास्त. लोह घामातून जातं, तळपाय आपटून रक्तपेशी फुटतात, आणि जेवण चिमणीएवढं. कॉर्टिसॉल म्हणजे काय विचारलं. बाई म्हणाल्या, "शरीराला वाटतंय बिबट्या मागे लागलाय. रोज, सरावाच्या दोन्ही वेळा. मग ते पाळी थांबवतं, हाडांकडे बघत नाही."
तीन महिने पळणं बंद म्हणे. २ फेब्रु.ला निवड चाचणी आहे. रेल्वेतली नोकरी त्यावरच अवलंबून.

सोम., २०
सरांना रिपोर्ट दाखवला. बराच वेळ वाचत राहिले. ओरडले असते तर बरं. वजन उतरव असं त्यांनीच सांगितलेलं, ते दोघांनाही आठवलं असणार. "दोन तारीख होऊ दे. मग हवी तेवढी विश्रांती घे." एवढंच.

सोम., २७
डाव्या नडगीवर एक जागा. बोटाच्या टोकाएवढी. दाबली की डोळ्यांत पाणी. एक्स-रेत काही नाही. बाई म्हणाल्या, सुरुवातीची चीर दिसत नाही, पळालीस तर दिसेल. दिवसभर बोट तिथेच जातंय.

शनि., १ फेब्रु.
मनमाडला शेजाऱ्यांकडे फोन करून आईला फोनवर बोलावून घेतलं. सगळं सांगितलं, पाळीचंही. वाटलं रडेल. नाही रडली. म्हणाली, "हाड मोडलं तर जोडतील. बाकीचं परत येईल ना गं?"
हे मी बाईंना विचारलंच नव्हतं. भीतीने. आईला म्हटलं, येईल.
उद्या पहिल्या गाडीने मैदानावर येतेय. मला पळताना बघायला की थांबवायला, कोण जाणे.