एकशे अठरा वर्षांचा राघो

९ फेब्रु. १९३१, सोम. अलिबाग.
संपादकांचं फर्मान: 'मनुष्य दीडशे वर्षं जगेल काय?' तीन रकाने, शनिवारपर्यंत. मुंबईचे एक डॉक्टर म्हणतात, माकडाच्या ग्रंथी बसवा, जगेल. जगून करणार काय, हे विचारायला जागा नाही. साठ वर्षांत ज्याला शेजाऱ्याशी धड बोलता आलं नाही, त्याला वर आणखी नव्वद. मनुष्यजातीचं भवितव्य म्हणजे हेच लोक, जास्त दिवस.

१० फेब्रु., मंगळ. काशीद.
बैलगाडीने आलो. पाठ गेली. इथल्या राघो धर्माचं वय एकशे अठरा, हा खोतांचा शोध. त्यांच्या आजोबांनी नारळीची बाग दिली ती 'राघो धर्मा हयात असेपर्यंत'. जुने कागद चाळताना खोतांनी वर्षं मोजली आणि सांगत सुटले, आमच्या गावची हवाच तशी. राहतात पुण्यात.
म्हाताऱ्याला रहस्य विचारलं. "रहस्य कसलं, दादा? मेलो न्हाय, येवढंच."
ग्रंथीवाल्यांपेक्षा शहाणा. चार ओळी लगेच टपालाने संपादकांना धाडल्या.

११, बुध.
सत्तावनच्या बंडाचं काही आठवतं का, विचारलं. "तवा मी पाळण्यात."
सून भाकरी थापत होती, तिचा हात थांबला. मग तिनेच सांगितलं. इथे नातवाला आजाचं नाव. आजा राघो धर्मा, बाप धर्मा राघो, नातू पुन्हा राघो धर्मा. बाप आधीच वारलेला, मग आजा गेला. खोतांचा नवा कारकून आला, "राघो धर्मा हाय का?" नातू म्हणाला, "हाय." कारकुनाने 'हयात' लिहिलं. पुढच्यांनी त्याचीच नक्कल केली. म्हणजे हा फार तर पंचाहत्तरचा.
विज्ञानाला जमेना, ते एका आळशी कारकुनाने केलं.

१२, गुरु.
संपादकांची चिठ्ठी, माणसाहाती. माझ्या ओळी त्यांनी तारेने मुंबईच्या दैनिकाला दिल्या, छापूनही आल्या. ते ग्रंथीवाले डॉक्टर रविवारी इथे येतात, खोतांना घेऊन. दात-डोळे पाहिले की संपलं. बाग आजाच्या हयातीपुरती, ती गेली.
सून म्हणते, "अकरा माणसं हाईत या बागेवर. आमी जायचं कुठं?" मुलगा धर्मा बापाला बजावतो, "दागदर आला की निजून ऱ्हा. बहिरा हो. आन् मरायचं न्हाय."
"मग माज्या वाटचं तूच जग," म्हातारा म्हणाला.

१३, शुक्र.
वीस वर्षं नव्या लोकांना सांगतोय, आकडा तपासल्याशिवाय छापायला देऊ नका. एकशे अठरा मी तपासला नाही. जगाला हसण्यात वेळ गेला. माकडाच्या ग्रंथी बहुधा माझ्यातच आहेत.
दोन मसुदे केले. एकात तो एकशे अठरा, दुसऱ्यात पंचाहत्तर. डॉक्टर यायच्या आधी आपलंच छापून यावं ही संपादकांची घाई.
म्हाताऱ्याला दोन्ही वाचून दाखवले.
"खरं लिवलंत तर आजा मेला. खोटं लिवलंत तर मी जल्माला आलोच न्हाय."
काय लिहू, विचारलं.
"माज्या आजाला इचारा," म्हणाला, आणि हसता हसता त्याला खोकला लागला. सून पाणी घेऊन धावली. घरातले सगळे त्याच्या छातीकडे बघत उभे.
टपालवाला अंगणात बसलाय. भरतीच्या आधी खाडी ओलांडायची म्हणतो. मसुदे दोन्ही माझ्या मांडीवर, पाकीट एक.