क्रँकशाफ्टाचा अभिषेक

बोरी, ता. जिंतूर

स्वस्ति श्री सकललोहमर्मज्ञ, घर्षणशास्त्रधुरंधर, शतांशमिलिमीटरदर्शी, छत्रपती संभाजीनगरस्थ यंत्रशाळाधिपती, साडूकुलभूषण, सासुरवाडीच्या पंगतीतील पहिल्या पाटाचे तहहयात मानकरी श्रीमान रंगनाथराव यांचे चरणी (आपण मजहून चार महिन्यांनी लहान असूनही) सितारामाचा साष्टांग नमस्कार.

येथील सर्व क्षेम. आपली प्रकृती, मेहुणीबाईंचा रक्तदाब आणि आपल्या दुकानातील क्रँक घासण्याचे यंत्र या तिघांचे आरोग्य उत्तम असावे, ही प्रार्थना. (तिसऱ्याची चौकशी किंचित अधिक आस्थेने केली आहे, त्यात स्वार्थ शोधू नये.) पत्रास प्रयोजन असे काहीच नाही. साडूने साडूस निष्काम भावनेने लिहिण्याची प्रथा लोप पावत चालली आहे, तिचा जीर्णोद्धार करावा एवढाच हेतू.

माझा भाचा परमेश्वर, म्हणजे आमच्या कस्तुराबाईचा थोरला, सध्या शर्यतीच्या नादी लागला आहे हे आपणांस ठाऊक आहेच. शर्यतीचे स्वरूप असे की, दोन वाहने शेजारी उभी करून पाव मैल सरळ रेषेत पळवायची. वळण नाही, उतारू नाहीत, पोचल्यावर तिथे काही काम नाही. तेरा सेकंदांत सारे आटोपते; मी जिथे संस्कृत शिकवतो त्या शाळेची प्रार्थना याहून दीर्घ असते. त्याने जुन्या जीपच्या इंजिनावर सुपरचार्जर चढवला आहे. सुपरचार्जर म्हणजे विवाहाच्या पंगतीतील आग्रही वाढपी. इंजिनाने ‘पुरे’ म्हणून हात आडवा धरला तरी हा हवा वाढतच राहतो. खातात सिलिंडर, आणि कणा मोडतो तो दट्ट्यांची उठबस चाकांच्या फिरण्यात बदलणाऱ्या बिचाऱ्या क्रँकशाफ्टाचा. असे दोन मोडले. पहिला मूळचाच होता, दुसरा भंगारातून आणलेला. दुसरा दुभंगला त्या दिवशी त्याची पत्नी वैष्णवी हिने उभ्या उभ्या निकाल दिला, “आता ह्यो तिसरा शेवटचा. ह्यो तुटला की इंजन हिरीवर बसंल. मंग पळवा पाणी, किती पळवायचं ते!”

त्यामुळे तिसऱ्याची निवड अत्यंत विचारपूर्वक झाली. अंगणात ताडपत्रीवर तीन उमेदवार मांडले होते. एक ओतीव लोखंडाचा, दिसायला गोंडस. दुसरा घडीव पोलादाचा, पण कुठल्याशा ट्रकमध्ये उमेदीची वर्षे घालवून आलेला. तिसरा घडीव आणि नवा. परमेश्वराने मला लक्षणे समजावून सांगितली: नुसता कठीण नको, कठीण ते काचेसारखे तुटते, भार आल्यावर किंचित लवून पुन्हा सरळ होणारा हवा. (असा मनुष्य मी तीस वर्षांच्या नोकरीत पाहिलेला नाही.) बेअरिंग जिच्यावर बसते ती गोल मान बाजूच्या पाख्याला मिळते तिथे कोपरा काटकोनी नको, गोलावा हवा, तडा जन्मतो तो तिथेच. आणि वर नायट्राइडिंग, म्हणजे पोलादाला चढवलेली अतिपातळ, अतिकठीण त्वचा. एवढे ज्ञान संपादूनही निर्णय होईना, तेव्हा भजनी मंडळातील टाळकरी आश्रुबा यांस पाचारण केले. त्यांनी तिन्ही क्रँक आळीपाळीने दोरीने निंबाला टांगवले आणि लहान हातोडीने एकेकाला टिचकी दिली. ओतीव नुसता थपथपला. “ह्यो मुका हाय.” ट्रकवाला खणखणला, पण मध्येच थांबला. “ह्याच्या पोटात कायतरी हाय, दिसत नसलं तरी.” नव्याचा नाद मात्र आश्रुबांनी चुना मळून तंबाखू दाढेखाली ठेवीपर्यंत टिकला. “ह्यो बोलायलाय. घ्या!”

निवडलेला क्रँक माझ्या घरी ठेवण्यात आला, कारण परमेश्वराला बेअरिंगांसाठी परभणीस जायचे होते आणि त्याच्या घरी शेळ्या मोकळ्या असतात. जाताना तो एवढेच म्हणाला, “मामा, वरचं तेल तेवढं पुसू नका.” तो फाट्यापर्यंतही पोचला नसेल, तोच कस्तुराबाई पूजेचे ताट घेऊन दारात. “दोन बसवले बिनपूजेचे, दोन बी तुटले. दादा, तुमी एवढे शिकलेले, तुमाला कळंना व्हय?” सबब एका विद्वान गृहस्थांच्या हस्ते शास्त्रोक्त अभिषेक करण्यात आला. पूज्य वस्तूच्या अंगावर शिळे तेल असणे प्रशस्त नव्हे, म्हणून ते कोरड्या वस्त्राने पुसले गेले. नंतर दूध, दही, तूप, मध, साखर. (पंचामृतात तूप असल्याने गंजाची भीती नाही, असे सदर गृहस्थांचे मत होते. ते आता बदलले आहे.) फुले दुसऱ्या दिवसापर्यंत हलवली गेली नाहीत. हलवल्यावर त्या आरशासारख्या मानांवर तपकिरी डाग आढळले. त्यांपैकी एक हुबेहूब आपल्या परभणी जिल्ह्याच्या आकाराचा असून पाथरीकडे किंचित फुगीर आहे.

असो. इकडील विशेष वृत्त एवढेच. मुलांस आशीर्वाद.

आपला निरपेक्ष साडू,
सिताराम

ता. क. : सदर विद्वान गृहस्थ मीच. डाग बोटाला लागत नाहीत, नखाला किंचित लागतात. आपल्या यंत्रावर घासल्यास डाग जातील, पण ती कठीण त्वचाही जाईल, आणि मग आश्रुबांच्या कानांचा उपयोग काय? तरी केवळ हाताने चमकवून, रविवारच्या शर्यतीपूर्वी आणि पूर्ण गुप्ततेने हे कार्य व्हावे. गुरुवारच्या एसटीने क्रँकसह येतो. परमेश्वराला ‘दाढ काढायला चाललो’ असे सांगितले आहे. त्याचा फोन आल्यास दाढच म्हणावे.

ता. क. २ : परमेश्वराचा आताच निरोप आला: “मामा, दाढ सांभाळून न्या, अठ्ठावीस किलोची हाय. रंगनाथमामाला म्हणावं घासू नका, नुसती चमकवा.” तेव्हा गुप्ततेची अट रद्द समजावी. रविवारची अट कायम आहे. कारण वैष्णवीने विहिरीवर इंजिनासाठी सिमेंटचा ओटा कालच ओतून घेतला असून ती त्यावर सकाळ-संध्याकाळ स्वहस्ते पाणी मारीत आहे.

ता. क. ३ : गंज वाढू नये म्हणून क्रँक घरातील एकमेव घंगाळात डिझेलमध्ये बुडवून ठेवला आहे. स्नानासाठी उरलेल्या बादलीला तडा आहे. त्यावर लावलेला डिंक ऊन पाण्याने सुटतो, आणि गार पाण्याने मला शिंका येतात.