नायिकेच्या प्रवेशाला कचरागाडी समजले गेल्याबाबत

प्रति,
मा. प्रभाग स्वच्छता अधिकारी,
विभागीय कार्यालय, स्नेहलतागंज, इंदूर.

विषय: 'स्वरमालव' संगीत नाटक मंडळीच्या आगामी हंगामाच्या पहिल्या प्रयोगास आपले वैयक्तिक सहकार्य मिळणेबाबत.

संदर्भ: गेल्या रविवारची रंगीत तालीम, जिला आपण सहकुटुंब उपस्थित होतात (व दुसऱ्या अंकात नव्हतात).

महोदय,

अर्जदार आनंदराव, राहणार स्नेहलतागंज, हा सदर मंडळीचा सचिव असून नायिकेचा बापही आहे. आपण मूळ नागपूरचे, म्हणून अर्ज मराठीत केला आहे. कार्यालयात कृपया त्याचे हिंदी करवू नये, घरातली गोष्ट आहे.

१. मंडळीच्या वार्षिक सभासदांचा हंगाम येत्या शनिवारी नव्या संगीत नाटकाने सुरू होतो. नायिका आहे अर्जदाराची कन्या पंचशीला. बँकेची नोकरी सांभाळून ती आजवर सखी झाली, दासी झाली, एकदा तर झाडही झाली. यंदा पहिल्यांदा नायिका मिळाली तेव्हा अर्जदाराने गल्लीभर पेढे वाटले आणि थोडा रडलाही. ते असो.

२. तालमी अर्जदाराच्या घरी, सकाळी, सर्वांची ऑफिसे सुटल्यावर नव्हे, तर भरायच्या आधी होतात. नेमकी तेव्हाच आपली कचरागाडी गाणे लावून खाली चौकात उभी असते. गाडीबद्दल तक्रार मुळीच नाही. परंतु आमचे संगीतकार नाना यांना नायिकेच्या प्रवेशाची चाल त्याच दिवसांत 'आपोआप सुचली'. कोणास शंकाही आली नाही, कारण ती गाताना खाली गाडी वाजतच असे. उलट नाना कौतुकाने, अस्सल इंदुरी थाटात म्हणत, "देखो भिया, आता गाडीवालासुद्धा सुरात यायला लागला!"

३. रंगीत तालमीच्या मध्यंतरात सभासदांना कचोरी दिली होती. दुसरा अंक उघडला, पंचशीला गात गात विंगेतून आली, आणि पहिल्याच ओळीला अख्खे प्रेक्षागृह उठले. मागून कोणी ओरडले, "गाडी आ गई!" सभासद सुलोचनाबाईंनी रांगेतले द्रोण गोळा करून ओला-सुका वेगळा करायला घेतला. राजाचे काम करणारे रजतजी सिंहासनावरून उठले व पायथ्याची सुकलेली फुले घेऊन चालते झाले. गाडीचे गाणे ऐकताच कचरा घेऊन धावण्याच्या शहराच्या या सवयीचा अर्जदारास अभिमानच आहे. पण पोरगी रिकाम्या खुर्च्यांपुढे पद पुरे होईस्तोवर गात राहिली, ते बापाला बघवले नाही.

४. चाल बदलून पाहिली. पंचशीलाच्या गळ्यात दुसरी बसेना, आणि नाना रुसून पेटी घरी घेऊन गेले. शेवटी पंचशीलाच म्हणाली, "बाबा, चाल सुंदर आहे, तीच राहू दे. पण शनिवारी लोक उठले, तर मी परत कधी स्टेजवर येणार नाही." तिने आजवर म्हटलेले करून दाखवले आहे, हीच पंचाईत.

५. अर्जदाराने बारकाईने चौकशी केली की पहिले उठले कोण. महोदय, राग मानू नये, दारापाशी सर्वांत आधी आपण होतात. कर्तव्यदक्षताच ती! पण साहेब पळाले म्हणजे गाडी खरीच आली, असे समजून बाकीचे निघाले.

तरी विनंती अशी की, शनिवारी आपण कार्यालयाचे जाकीट घालून पहिल्या रांगेत मधोमध बसावे. चाल सुरू होताच सगळे आपल्याकडे बघतील. आपण हलू नये. आपण बसलात तर लोक बसतील. पंचशीलाही विंगेतून आधी आपली खुर्ची बघणार आहे, आणि मगच पाऊल टाकणार आहे. आजवर आपण धावून शहर सांभाळलेत. साहेब, एवढे एक पद बसून सांभाळा.

आपला नम्र, व त्या वेळी विंगेत हात जोडून उभा असणारा,
आनंदराव
सचिव, 'स्वरमालव' संगीत नाटक मंडळी
दिनांक: १२ नोव्हेंबर २०२४

सोबत:
१. पहिल्या रांगेची सहकुटुंब प्रवेशिका.
२. नवा सुती गमछा, एक. मनाचा भरवसा वाटत नसल्यास खुर्चीशी बांधून घेण्याकरिता. गाठ वहिनीसाहेबांनी मारावी.