बाबांचा राग वगळून

ता. ४ नोव्हेंबर

ती. बाबा व ती. सौ. आई यांस,
कृ. सा. न. वि. वि.

इकडे आम्ही दोघं ठणठणीत. बातमी अशी की लॅबमध्ये मला संध्याकाळची पाळी मिळाली. ती नीट निभावली तर कायम करतील, असं मोठ्या बाई म्हणाल्या. चार वर्षं हंगामी म्हणून घासतेय, त्यामुळे नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता.

अडचण परतीची आहे. तलावाकाठचा रस्ता नुसता वळणांचा, त्यावर एक खांब नाही. आणि बाबा, तुम्ही मला दिलेली गाडी आता तुमच्याहून म्हातारी झालीय. पुढचे दोन्ही दिवे पिवळट, मिणमिणते. काल एक सायकलवाला अगदी जवळ आल्यावर दिसला. कसाबसा चुकवला.

मेकॅनिककडे गाडी टाकली की आठवडाभर अडकते, म्हणून घरीच करीन म्हणते. जावईबापू बॅटरी धरायला तयार आहेत, पण त्यांचा उजेड सगळा माझ्या डोळ्यांत पडतो. जन्मभर गाड्यांच्या वायरी जोडलेल्या माणसाची मी मुलगी, तेव्हा काय करू ते सांगा. अर्धांगाच्या झटक्यापासून फोनवर तुमचे शब्द अडतात नि तुम्ही चिडता, म्हणून लिहितेय. सावकाश सांगा.

तब्येतीला जपा. माया आहेच, ती आटू देऊ नका.

तुमची,
ठकू

ता. ९ नोव्हेंबर

चि. ठकूस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र यांना दोनदा वाचून दाखवलं. उजवा हात अजून उशीवरच पडून असतो, पण तुझ्या दिव्यांचं ऐकून उठूनच बसले. एकेक शब्द शोधत सांगतात नि मी लिहिते. मध्येच माझ्यावर खेकसतात. तेवढं सोडून लिहितेय, तुला ठाऊकच आहे माझी रीत.

म्हणतात, आधी नवीन काही आणू नकोस. दिव्याची काच बारीक पॉलिश पेपरने पाणी लावून घास, मग पॉलिश कर. दिव्याची काळी वायर जिथे पत्र्याला कसलेली असते तिथला गंज खरवडून काढ. यानेच निम्मा उजेड परत येतो म्हणतात. यापुढे तू, तुझे हात आणि तुझ्या नवऱ्याची बॅटरी यांच्याबद्दल बरंच बोलले. ते काही मी लिहिणार नाही. आजारी माणसाचं तोंड फार मनावर घ्यायचं नसतं.

परवा उशी फेकून मारली मला, डाव्या हाताने. नेम चुकला. डॉक्टर म्हणाले, सुधारणा आहे.

जेवणाची आबाळ करू नकोस. जावईबापूंना आशीर्वाद.

तुझी,
आई

ता. १६ नोव्हेंबर

ती. बाबा व ती. सौ. आई यांस,
कृ. सा. न. वि. वि.

बाबा, काच अशी चकचकीत झाली की शेजारीण विचारायला आली, गाडी नवीन घेतली का. गंजही काढला. उजेड वाढला, खोटं कशाला बोलू. पण तलावाच्या वळणावर तो अजून अपुरा पडतो. समोरून ट्रक आला की मला रस्त्याची कडाच दिसत नाही. मग मी जीव मुठीत धरून चालवते नि मागचे हॉर्न वाजवतात.

सुट्या भागांच्या दुकानदाराने दुप्पट ताकदीचे बल्ब दिलेत. त्याच खाचेत बसतात, लावा आणि विसरा, म्हणाला. बसवू ना? तुम्ही हो म्हटल्याशिवाय मी डबा उघडणार नाही. पण उत्तर लवकर पाठवा हो. रोज संध्याकाळी तोच रस्ता आहे. पाळी नको म्हणावं, तर परत हंगामी.

आई, त्या उशीबद्दल बाबांचं अभिनंदन कर. तुझंही, चुकवल्याबद्दल.

तुमची,
ठकू

ता. २० नोव्हेंबर

चि. ठकूस अनेक आशीर्वाद.

आज घाईत लिहिते. तुझं पत्र वाचलं आणि यांचं डोकं जे फिरलं म्हणतेस! तो दुकानदार, त्याचा बाप, त्याचं दुकान, सगळ्यांचा उद्धार झाला. मग तुझी पाळी, मग माझी. तोंड लाल, शब्द अडत होते तरी थांबेनात. रक्तदाब वाढेल म्हणून मी वही मिटली आणि म्हटलं, लिहिलं हो सगळं, आता पडा.

त्यातलं कामाचं तेवढं देते. नव्या बल्बच्या काचेला बोट लावायचं नाही, स्वच्छ फडक्याने धरायचा. बसवल्यावर गाडी भिंतीसमोर उभी करून उजेड खाली बसतोय ना ते बघायचं, म्हणजे समोरच्याचे डोळे दिपत नाहीत. बाकी सगळा राग होता.

सांभाळून जा गं बाई. तू घरी पोचलीस की नाही, या विचाराने आम्हा दोघांनाही घास गिळवत नाही.

तुझी,
आई

ता. २ डिसेंबर

ती. सौ. आईस,
सा. न. वि. वि.

हे पत्र फक्त तुला आहे. बाबांना वाचून दाखवू नकोस.

तुझ्या जावयांनी फोनवर गाडी जरा घासली एवढंच सांगितलं, ते मीच सांगायला लावलं होतं. खरं असं की नवे बल्ब लावले, पहिले काही दिवस रस्ता नुसता उजळून निघाला. मग चार दिवसांपूर्वी तलावाच्या वळणावर करपल्याचा वास आला आणि दोन्ही दिवे एकदम गेले. काही म्हणजे काही दिसेना. ब्रेक दाबला तोवर गाडी चरात. डावा पाय मांडीत मोडलाय, सळई घातलीय. रडू नकोस, मी जिवंत आहे. पाळी दुसऱ्या मुलीला दिली. मोठ्या बाई भेटायला आल्या होत्या, पण नोकरीचा विषय त्यांनी काढला नाही आणि मला विचारवेना.

आई, मेकॅनिक म्हणाला, एवढ्या ताकदीच्या बल्बला जुन्या बारीक वायरी पुरतच नाहीत, तापून वितळतात. बॅटरीपासून जाड वायर नि मध्ये रिले, म्हणजे जास्तीचा भार पेलणारा खटका, टाकावाच लागतो. हे तर कुणीही सांगेल, म्हणाला. आणि बाबांनी सांगितलं नाही. ज्या माणसाला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं, त्याला आठवलं नाही? पायापेक्षा हेच जास्त दुखतंय गं. त्या झटक्यात बाबांची विद्यापण गेली का?

त्यांना यातलं काही कळू देऊ नकोस.

तुझी,
ठकू

ता. ७ डिसेंबर

चि. ठकूस अनेक आशीर्वाद.

बाळ, त्यांची विद्या कुठे गेलेली नाही. त्यांनी सांगितलं होतं. वायर जळेल, रिले टाक, तोवर त्या गाडीला हात लावशील तर तंगडं मोडीन, हे एकदा नाही, पुन्हा पुन्हा सांगितलं होतं. वही मिटल्यावरही सांगत होते. शिव्यांच्या मध्ये होतं ते. मला वाटलं, तोही रागच. मी तुला हे कोणत्या तोंडाने लिहू, पण लिहिलंच पाहिजे.

तू नको म्हणालीस, तरी मी त्यांना सगळं सांगितलं. अपघात कधीतरी कळलाच असता नि त्यांचं सांगणं तू ऐकलं नाहीस असं त्यांच्या मनात राहिलं असतं, ते मला सोसलं नसतं. म्हटलं, आता मला काय बोलायचं ते बोला, उशी फेका. त्यांनी मान फिरवली आणि भिंतीकडे बघत राहिले.

तेव्हापासून ते कुणावर ओरडलेले नाहीत. दूध थंड झालं तरी पितात. मी पेन घेऊन बसते, म्हणते, त्या दुकानदाराला शिव्या द्या, मला द्या, शब्द न् शब्द लिहिते. बोलतच नाहीत.

आज तुझ्यासाठी निरोप मागितला. म्हणाले, तिला लिही, तुला योग्य वाटेल तसं कर. तेवढंच म्हणाले. यातलं मी काहीही गाळलेलं नाही.

तुझी,
आई